एकटीचा भात

अंबरनाथ, मंगळवार, १० नोव्हेंबर १९५३

आमच्या अनाथाश्रमातली शांता अठरा वर्षांची झाली, म्हणून कालपासून बुवापाड्यातल्या खोलीत एकटी राहते. कुलूप, कंदील, अनोळखी माणसं, सगळं मी तिला बजावलं होतं. तरी धास्ती वाटून आज गेले, तर दार सताड उघडं आणि निम्मी चाळ आत जेवतेय! शेजारणीच्या हंड्यात महिन्याचे सगळे तांदूळ शिजलेले.

"ताई, आश्रमात चाळीस जणींचाच भात रांधला. एकटीचा कसा रांधतात?"

सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, आमच्या घरी नऊ माणसं. एकटीचा मी तरी कधी रांधलाय? मग शिकवणार काय?

मला डोळे पुसताना पाहून शेजारीण म्हणाली, "बाई, रडू नका. महिनाभर पोरगी आमच्यात जेवेल."

हंड्यातला भात मीही जेवले. छान मोकळा झाला होता.