पांढऱ्या संगणकातले काळे कार्ड

येरमाळा,
४ मार्च २०२५

चि. अर्पितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल धाराशिवला वसीमच्या दुकानात मी भांडलो, हे तुझ्या वडिलांनी तुला दूरध्वनीवर कळविलेले वृत्त चुकीचे आहे. अमरसिंह त्या वेळी समोरच्या गाड्यावर भजी खात होता. काचेतून त्याला माझे हात हलताना दिसले. उरलेला मजकूर त्याने स्वतः रचला. मी भांडत नव्हतो, हरखलो होतो. टपाल खात्यातील सारी नोकरी मी खाकी पिशव्यांच्या सहवासात केली. यंत्राचे अंतरंग इतके देखणे असू शकते, याची मला कल्पना नव्हती.

वसीम हा माझे टपाल कचेरीतील सोबती बाबामियाँ यांचा मुलगा. शिकविण्याची हौस त्याला वडिलांकडूनच आली आहे. सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, मेमरी, तुझी चित्रे हलविणारे ग्राफिक्स कार्ड, वारा घालणारे पंखे, असे एकेक त्याने माझ्यापुढे मांडले. मी प्रत्येक भाग उचलून पाहिला आणि तो दर वेळी कडेनं धरा आण्णा, कडेनं, म्हणून ओरडत राहिला.

आता मुद्दा. तू पाठविलेल्या खरेदीच्या यादीच्या शिरोभागी ‘पांढरा संगणक’ असे ठळक लिहिले आहे; देवीच्या यात्रेत आपण वेचतो त्या चुनखडीच्या खड्यांसारखा पांढरा, अशी पुस्तीही जोडली आहे. खाली मात्र ग्राफिक्स कार्ड काळे आणि मेमरीही काळी! मथळा एक व मजकूर दुसरा, हे मला सहन होत नाही. म्हणून यादी मी दुरुस्त केली. सर्व भाग पांढरे घेतले, पंखेसुद्धा दिव्यांचे. पांढऱ्या रंगाला दाम अधिक पडतो. तुझी मर्यादा ओलांडू नये, यासाठी ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचे निवडले. ताईंना एकदा विचारू, असा वसीमने हट्ट धरला. विचारण्याजोगे काही नाही, असे मी त्यास सांगितले. उद्या तो जोडणी करील.

एवढे पांढरे यंत्र पुसायचे कुणी, असे तुझी आजी विचारते. मी, असे उत्तर दिले आहे.

माझा लोभ आहेच. तुझा पत्रातून दिसत राहावा.

आण्णासाहेब

*

पुणे,
७ मार्च २०२५

ती. आण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वसतिगृहाच्या जिन्यातच उघडले आणि तिथेच बसून राहिले. आधी खूप हसले, मग घाबरले.

आण्णा, काळे भाग मी विसरून लिहिले नव्हते. पांढरा रंग जिथे फुकट मिळतो तिथे घेतला, जिथे त्याला पैसे पडतात तिथे सोडला. तुम्ही निवडलेले कार्ड दिसायला गोड आहे, पण माझी दृश्ये त्याला ओढवणार नाहीत. हैदराबादची ती कार्टूनपटांची कंपनी वीस मार्चला सकाळी एक दृश्य पाठवणार आहे आणि ते संध्याकाळपर्यंत माझ्या स्वतःच्या संगणकावर पूर्ण करायचे आहे. जमले, तर येरमाळ्यात बसून नोकरी. न जमले, तरी नोकरी आहे, पण हैदराबादला राहून, त्यांच्या यंत्रावर. पुण्यात आल्यापासून मी आपल्या घरात दिवाळीची पाहुणी झाले आहे. आता हैदराबादहून पाहुणी म्हणून यायचे नाही मला.

महत्त्वाचे बोलणे पत्रानेच, हा आपला नियम मी पाळला. पण वसीमभाईंना मात्र लगेच फोन केला. जोडणी झाली होती. खोके फुटले की ठोक व्यापारी माल परत घेत नाही म्हणे. ते बिचारे म्हणाले, ताई, मी लई सांगून बघितलं, पण आण्णांपुढं आमच्या अब्बांचं चालत न्हाय, माझं काय चालणार.

आणखी एक. हलका माल वसीमभाईंनीच गळ्यात मारला, असे बाबांनी ठरवून टाकले आहे आणि ते उद्या दुकानात जाणार आहेत. यादी कोणी बदलली ते त्यांना सांगायचे धैर्य मला झाले नाही. ते तुमच्याकडे सोपवते.

रागावला नाहीत, एवढे दोन ओळींत तरी कळवा.

तुमची
अर्पिता

*

येरमाळा,
१३ मार्च २०२५

चि. अर्पितास,
अनेक आशीर्वाद.

रागावण्याचा अधिकार या खेपेस तुझा होता. तुझे पत्र मला मिळण्यापूर्वीच अमरसिंह दुकानात जाऊन, चार गिऱ्हाइकांदेखत, वसीमला नको ते बोलून आला होता. दुसऱ्या फेरीत मी त्याला बरोबर नेले आणि जे होते ते सर्वांसमक्ष सांगितले : यादी मी बदलली, वसीमने अडविले होते. वसीमने चहा मागविला. अमरसिंहाने तो मान खाली घालून घेतला आणि उठताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाबामियाँ मागच्या बाकावरून म्हणाले, की आण्णाची खोड जुनीच आहे. पाकिटांवरचे पत्तेसुद्धा हा दुरुस्त करायचा आणि त्यापायी दोन पत्रं भलत्याच गावी गेली. दोन नव्हेत, एकच. तेही पुढे पोचले. असो.

आता आनंदाची वार्ता. जवळच्या वाशीचे चन्नबसप्पा लग्नाचे फोटो काढतात. अल्बम करण्यासाठी त्यांना संगणक हवा आहे, असे वसीमच्या तोंडून निघाले आणि मी दुसऱ्याच दिवशी पांढरे कार्ड आणि दिव्यांचे पंखे पिशवीत घालून वाशीची बस धरली. चार माणसांनी आत काय आहे म्हणून विचारले. चौघांनाही समजावून सांगितले. चन्नबसप्पांना मी वस्तूचा दोष आधी सांगितला, की हे कार्ड दिसते छान, परंतु हलती चित्रे याला पेलत नाहीत. त्यावर ते म्हणाले, की अल्बमातले नवरा-नवरी कुठं हलतात आण्णा, आणि गिऱ्हाईक समोर बसतं, त्याला झगमगाट दिसला की बास. दिव्यांचे पंखेही त्यांनीच ठेवून घेतले.

आलेल्या पैशांत तुझ्या यादीतले, तेच, काळे कार्ड बसले. पंखे साधे आहेत. काळ्या कार्डाला पांढरा हात मारण्याविषयी मी वसीमला सहज विचारले होते. त्याने माझ्याकडे जसे पाहिले, त्यावरून तो विषय मी मिटविला.

तू एकोणीस तारखेस ये. यंत्र तुझी वाट पाहत आहे आणि यंत्राशेजारी मीही.

आण्णासाहेब

*

पुणे,
२३ मार्च २०२५

ती. आण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. निकाल अजून नाही, पण धीर धरवत नाही म्हणून लिहिते.

वीस तारखेला मला तुम्ही सांगितलेत, की बाहेर सगळे शांत आहे, तू काम कर. आजीने मात्र निघताना सगळे सांगितले! कंपनीने दृश्य पाठवले ते टेकडीवरून उतरणाऱ्या गर्दीचे : शेकडो माणसे, प्रत्येकाचा पदर वेगळा उडणारा आणि खाली धूळ. यंत्र फुरफुरायला लागले तसे तुम्ही उठलात आणि थेट शेजारच्या शिवशंकरकाकांच्या पिठाच्या गिरणीवर गेलात. गिरणी लागली की आपल्याकडचे दिवे मंदावतात, तेव्हा नातीचे दृश्य होईपर्यंत दळण बंद, असे फर्मान काढलेत. काका म्हणाले, आण्णा, गिरणी माझी हाय का तुमची? मग त्यांनी स्वतःच पट्टा उतरवला म्हणे.

ज्वारीचे डबे घेऊन बसलेल्या बायका तिथे कंटाळून आपल्या ओसरीवर आल्या, हे तर मीच पाहिले. त्यांतल्या अयोध्याकाकू यंत्राच्या काचेतून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, की एवढ्या गोऱ्यापान यंत्राला हे काळं तीट लावलंत, बेस केलं, दृष्ट लागत न्हाय. त्या क्षणी मला ते कार्ड सगळ्यांत सुंदर वाटले. दृश्य चार वाजताच पूर्ण झाले होते. उरलेला वेळ मी नुसती ती माणसे पुन्हा पुन्हा टेकडीवरून उतरवत बसले.

आजीला नमस्कार, गिरणीवाल्या काकांची क्षमा मागून ठेवा, आणि माझ्यावर आहे तेवढीच माया त्या यंत्रावर करू नका, थोडी कमी करा.

तुमची
अर्पिता

*

येरमाळा,
२९ मार्च २०२५

चि. अर्पितास,
अनेकोत्तम आशीर्वाद आणि अभिनंदन.

तुझा दूरध्वनी अमरसिंहाने घेतला आणि निम्मे ऐकून तो पेढे आणण्यास धावला. आता बसस्थानकावर तो जे सांगतो आहे, त्यात आनंद खरा आणि बाकी बरेच खोटे आहे. तुझी आजी म्हणते, सांगू द्या की, लेकीचं कौतुक हाय. कौतुकास माझी हरकत नाही. तरीही घरात एक शुद्ध प्रत असावी, म्हणून खाली लिहितो. लोभ वाढता ठेव. पत्रे घरी आल्यावरही लिहिलीस तरी चालेल.

आण्णासाहेब

तारखांची दुरुस्ती :

३ मार्च — सुट्या भागांची खरेदी. भांडण झाले नाही.

५ मार्च — पहिली जोडणी. दोष वसीमचा नाही.

११ मार्च — वाशी येथे कार्डविक्री. अमरसिंह ‘आम्ही गेलो’ म्हणतो. मी एकटा गेलो.

२० मार्च — परीक्षा. गिरणी दिवसभर बंद नव्हती. दुपारी चारला सुरू झाली. पहिले दळण आपले नव्हते, अयोध्याबाईंचे होते.

२७ मार्च — निकाल. उत्तीर्ण.

७ एप्रिल — अर्पिता कामावर रुजू होणार. अमरसिंह सर्वांना ‘हैदराबादला नोकरी लागली’ असे सांगतो, ते चूक. कंपनी हैदराबादची, नोकरी येरमाळ्यात, आपल्या घरी.