पाहत किंवा ऐकत होती

२९ ऑक्टोबर १९७४, मंगळवार

आजपासून मनाचाही हिशेब लिहायचा. घराचा लिहितेच आहे, हायस्कूल संपलं तेव्हापासून, एक दिवस चुकलेला नाही.

कारण असं. ‘दरीतला दिवा’ ही माझी मालिका. डोंगरातली विधवा मास्तरीण, तिने सांभाळलेली नऊ अनाथ मुलं, शेवटी सगळे हात जोडून बसतात. सोमवारी आठ वाजता सुखाने चालली होती. न्यूयॉर्कमधल्या कुणा शहाण्याने ती उचलून मंगळवारी आठला नेऊन टाकली. थेट ‘ब्रॅडॉक’च्या समोर! ब्रॅडॉक म्हणजे चॅनल अकरावरचा खासगी गुप्तहेर. घटस्फोटित. चामड्याचं जाकीट घालतो. दर आठवड्याला एक तरी खून.

ऑर्व्हिलला फार आवडतो. घरात टीव्ही एक. दिवसभर राबलेल्या नवऱ्याच्या विरंगुळ्याआड येऊ नये, म्हणून चॅनल अकरा लागतं. मी तिथे फक्त विणत बसते. अलास्काच्या मिशनमधल्या मुलांसाठी स्वेटर चाललाय. खुर्ची टीव्हीकडे तोंड करून आहे, ती दिव्याच्या उजेडासाठी.

पेपरात आलंय की ‘दिवा’ बघणाऱ्यांचे आकडे पडलेत. नोव्हेंबरात वर आले नाहीत तर नाताळच्या आधी मालिका बंद. मास्तरणीच्या शाळेचं छप्पर अजून व्हायचंय!

निश्चय: मालिका वाचवायची. कशी, ते प्रभू सुचवेल.

(आजचा खून माळ्याने केलेला नव्हता. हे पहिल्या दहा मिनिटांत कुणालाही कळलं असतं, नुसतं ऐकूनसुद्धा.)

१ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रभूने सुचवलं. पोस्टाने.

ऑर्व्हिल खेडोपाडी टपाल वाटतो. आज स्वतःच्याच घरी पाकीट घेऊन आला. टीव्हीचे आकडे मोजणाऱ्या कंपनीची छोटी वही. बुधवार ६ ते मंगळवार १२ या आठवड्यात आपल्या घरी काय पाहिलं ते लिहायचं. दर पाव तासाला एक ओळ. रकाने आखलेले: चॅनल, घरचा पुरुष, घरची बाई, पाहुणे. सोबत पन्नास सेंटचं नाणं चिकटवलेलं.

वही लिहा म्हणून मला सांगताहेत! माशाला पोहायचं आमंत्रण.

ऑर्व्हिल म्हणाला, “थोड्याच घरांना येते ही. तुझं एक घर म्हणजे हजार घरं धर, आर्डिस.”

हजार घरं. मी दोनदा म्हणून पाहिलं.

नाणं मिशनच्या डब्यात टाकायचं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

वही उद्यापासून लागू, म्हणून आज सराव. पावणेआठलाच ऑर्व्हिलला स्पष्ट सांगितलं, आज चॅनल चार. तो म्हणाला, “लाव की तुला हवं ते.” इतक्या चटकन म्हणाला की मला भरून आलं. असला त्याग मी कसा स्वीकारणार? अकरा लावलं.

आठ वाजून दहा मिनिटांनी तो घोरायला लागला. पहाटे साडेचारला उठतो बिचारा. आता चार लावायला हरकत नव्हती, पण आमच्या टीव्हीचं बटण फार वाजतं. अकरावरून चारवर यायला सात खटके. कष्टाच्या माणसाच्या कानाशी सात खटके? मला नाही जमायचं. तसंच राहू दिलं.

ब्रॅडॉकच्या जोडीदाराला गोळी लागली. बंदरावर, पाठीमागून. जगतो की जातो ते पुढच्या मंगळवारी. मला काय त्याचं.

स्वेटरची बाही आज अकरा इंच वाढली. मी विणत होते, बघत नव्हते, याचा हा पुरावा.

६ नोव्हेंबर, बुधवार

चर्चमध्ये साडेसातची प्रार्थना सभा. कुणासाठी विनंती आहे का, असं पाळकसाहेबांनी विचारलं. मी उठून म्हटलं, डोंगरातल्या एका विधवेसाठी आणि नऊ अनाथांसाठी. त्यांच्यावर संकट आलंय. सगळी सभा हेलावली. थोरा हेग्लुंडने तर रुमाल काढला. थोरा म्हणजे आमच्या मंडळीतली सगळ्यांत कडक बाई. घरात टीव्ही नाही, आणि ते दर रविवारी एकदा तरी सांगते. “कुठल्या गावची गं ती?” विचारलं. मी म्हटलं, बरीच लांब.

खोटं एक अक्षर नाही यात.

घरी येऊन वहीतल्या सूचना नीट वाचल्या. ‘त्या वेळी जी व्यक्ती पाहत किंवा ऐकत होती, तिच्यापुढे खूण करावी.’ ऐकत! हा नियम करणाऱ्याने घर कधी चालवलेलं नाही. स्वयंपाकघरात वाटाणे सोलताना कानावर पडतं, तेही धरायचं का?

पण खाली पाहुण्यांचा रकाना दिसला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. पाहुणे कितीही चालतात. येत्या मंगळवारी आठ बायका बोलवायच्या. माझ्यासकट नऊ. नऊ गुणिले हजार. न्यूयॉर्कचे लोक खुर्चीवरून पडतील.

१० नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर आमंत्रणं केली. पाळकबाई लगेच हो म्हणाल्या. थोरा म्हणाली, “मी खोकं बघायला येणार नाही, आर्डिस.” म्हटलं, विणायला ये. म्हणाली, “विणायला येईन. माझी पाठ त्या खोक्याकडे असेल.” म्हटलं, तुझे कान मला पुरेत.

ऑर्व्हिलला सांगितलं, या मंगळवारी तुझा ब्रॅडॉक बुडणार, मन घट्ट कर. तो तळघरात बसतो म्हणाला. असा नवरा मिळायला पुण्य लागतं.

पन्नास सेंटचे मक्याचे दाणे आणले, पाहुण्यांसाठी लाह्या करायला. मिशनचंच काम आहे, डबा वेगळा इतकंच.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

जमेल तसं लिहिते.

सगळ्या आल्या. लिंबाच्या जेलीत किसलेलं गाजर घालून केलं होतं, ते संपलं. आठ वाजता चॅनल चार. मुलं छपरासाठी फळ्या मोजत होती. पाळकबाई म्हणाल्या, “किती गोड.” मुलांनी आणखी फळ्या मोजल्या. मग पाळकबाई म्हणाल्या, “फळ्या पुष्कळ आहेत, नाही?”

थोराने सुई थांबवली. पाठ टीव्हीकडेच होती. म्हणाली, “त्या जोडीदाराला गोळी लागली होती, तो वाचला का?”

मी विचारलं, कुठला जोडीदार?

“तो गं, ब्रॅडॉकचा. बहिणीकडे गेले होते, ओझरतं दिसलं.”

“गेल्या मंगळवारी?”

“गेल्या मंगळवारी. आणि त्याच्या आधीच्या.”

“त्याच्याही आधीच्या,” पाळकबाई म्हणाल्या, “मी नव्हते का तुझ्या शेजारी?”

यावर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कुणाचा नवरा बघतो, कुणाचा दीर बघतो. स्वतः बघणारी एकही नाही, आणि गोळी कुठल्या खांद्याला लागली ते आठी जणींना पाठ. शेवटी थोरा म्हणाली, “फक्त जिवंत आहे का ते बघू आणि परत येऊ.” उठली आणि स्वतः बटण फिरवलं. सात खटके. घरात कुणी झोपलेलं नसल्यामुळे मला हरकतही घेता येईना.

परत यायचं ठरलंच होतं. पण तो ऑपरेशनच्या टेबलावर होता. अशा माणसाला टाकून जाणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.

नऊ वाजता सगळ्या गेल्या. वही उघडली. आठ ते सव्वाआठ, चॅनल चार, नऊ जणी. पुढच्या तीन ओळींपुढे पेन अडलं. वाटलं, चारच लिहावं. कारण चांगलं आहे. पण वही ती वही. होय तर होय, नाही तर नाही. चॅनल अकरा लिहिलं. तीनदा. घरची बाई: खूण. पाहुणे: आठ.

मागच्या कोऱ्या पानावर ‘दरीतला दिवा’ किती संस्कारक्षम आहे यावर अकरा ओळी लिहिल्या. त्या कुणीतरी वाचेलच.

ऑर्व्हिल तळघरातून वर आला. चुकल्यासारखं वाटलं का, असं विचारलं. म्हणाला, “छान झोप लागली.” मनाचा मोठा.

(वाचला. पण डावा हात जायबंदी.)

१३ नोव्हेंबर, बुधवार

वही पोस्टात टाकली. रात्रभर ‘नऊ हजार’ डोक्यात घोळत होतं. मग विचार केला, हजार घरं वगैरे ऑर्व्हिलचं बोलणं. एवढ्या मोठ्या देशात एका वहीने काय होतंय?

९ डिसेंबर, सोमवार

पेपर आला. ‘दरीतला दिवा’ बंद. आकडेवारीत ब्रॅडॉकने त्याला धूळ चारली. उद्याचा भाग शेवटचा, छपराचं काय होणार ते लिहिलेलं नाही.

जेवताना मी ताट बाजूला सारलं. ऑर्व्हिलने माझ्या पाठीवर हात ठेवला. “उद्या बघू या तुझी मास्तरीण,” म्हणाला, “मी जागा राहीन.”

बातमी तिथेच संपली असती तर सोसली असती. खाली आणखी चार ओळी होत्या. जिंकलेला ब्रॅडॉक जानेवारीच्या पंधरा तारखेपासून दुसऱ्या चॅनलला नमवायला हलवणार. बुधवारी. आठ वाजता.

बुधवारी आठ म्हणजे प्रार्थना सभेच्या ऐन मध्यात. मी सभेला, ऑर्व्हिल एकटा टीव्हीसमोर झोपलेला. गोष्ट कुठवर आली ते त्याला जागं झाल्यावर सांगणार कोण?

१० डिसेंबर, मंगळवार

ऑर्व्हिल खरंच जागा राहिला. छप्पर झालं. नऊ मुलं त्याच्याखाली उभी राहिली, बाहेर पाऊस. मी रडले, त्यानेही नाक शिंकरलं. आज विणलं नाही. अकराकडे एकदाही मन गेलं नाही. गेलं ते फक्त सव्वाआठला.

५ जानेवारी १९७५, रविवार

मंडळीची वार्षिक बैठक. मी ठराव मांडला, प्रार्थना सभा बुधवारऐवजी मंगळवारी घ्यावी. हे मी केवळ ऑर्व्हिलसाठी केलं. कारण दिलं बर्फाचं: बुधवारी रस्ते निसरडे असतात.

पाळकसाहेबांनी विचारलं, “आणि मंगळवारी नसतात?”

मागून थोरा उठली. “बर्फ काय, पाळकसाहेब, कधीही पडतं. पण बुधवारचं वाईट. माझं अनुमोदन.”

एकेचाळीस हात वर. पाळकबाईंचे दोन्ही. पाळकसाहेब चष्मा पुसत म्हणाले, “गायनवृंदाच्या झग्यांचा रंग दोन वर्षं ठरत नाहीये, आणि हे चार मिनिटांत!” मग थोडं थांबून, “मलाही बुधवार मोकळा बराच. सातलाच जेवण उरकता येईल, म्हणजे आठला... अभ्यासाला बसता येईल.”

इतकं एकमत मी चर्चमध्ये पाहिलेलं नाही. पवित्र आत्म्याचं काम.

१५ जानेवारी, बुधवार

कालची प्रार्थना सभा छान झाली. रस्ते काचेसारखे निसरडे होते, दोन गाड्या खड्ड्यात गेल्या, कुणाला लागलं नाही.

आज ऑर्व्हिलच्या खुर्चीवर उशी ठेवली, लाह्या केल्या. पावणेआठला तो बोलिंगच्या जड चेंडूची पिशवी घेऊन बाहेर आला. पोस्टातल्या लोकांच्या टीममध्ये नाव घातलंय म्हणे. दर बुधवारी.

मी म्हटलं, अरे, आणि तुझा ब्रॅडॉक?

“माझा?” तो हसायलाच लागला. “मला कुठे कळतो तो? कोण कुणाला मारतंय, काही पत्ता लागत नाही. तो लागला की तू अशी रंगायचीस, आर्डिस, तोंडाने ‘माळी नाही, माळी नाही’ चालायचं. म्हटलं, बघू दे बिचारीला सुखाने. मी आपला डोळे मिटून पडायचो. आता आवाज खुशाल मोठा कर, मी नाही झोपायला.” माझ्या कपाळाचा मुका घेऊन गेला.

बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला स्वतःची आवड कळू नये! असो. पुरुषांचं असंच असतं.

आठ वाजले. घरात झोपलेलं कुणी नाही, म्हणजे बटण कुठेही फिरवायला मोकळीक. चारवर काय आहे ते बघायला उठलेही होते. पण बटण कडक झालंय. उगाच तुटायचं, आणि दुरुस्ती काय फुकट होते?

ब्रॅडॉकचा नवा जोडीदार मला खरा माणूस वाटत नाही. साडेआठला मी “बघ, हाच तो!” म्हणून शेजारच्या खुर्चीकडे वळले. खुर्चीवर उशी होती.

पुढच्या बुधवारी थोराला बोलवावं. विणायला. माझी बाही एकतीस इंच झालीय. दुसरी न करता तिचाच मफलर करून टाकेन.