नारळाखालचा लाल बदाम

पाली, रविवार संध्याकाळ

आज पुन्हा तीच. इंडोनेशियातली ती बाई आपल्या विळीसारख्या कशावर तरी बसून नारळ खवते, आणि तिच्या प्रत्येक व्हिडिओखाली आमच्या ह्यांचा लाल बदाम. मुंबईत एकटे राहतात, भाषा तिची कळत नाही, मग बघतात तरी काय? बारा वर्षं मीही नारळच खवतेय. मला कधी बदाम? गावी आले की मान खाली घालून जेवतात.

म्हणून आज मुद्दाम नवी साडी नेसले, फोन डब्याला टेकवला आणि व्हिडिओ कॉल लावून विळीवर बसले. हे टक लावून बघत राहिले. मला वाटलं, जिंकले.

मग म्हणाले, "फोन जरा खाली कर गो, नारळ दिसत नाय."