टिकून राहणारी

३ मार्च
खोली मिळाली, आणि चक्क मनासारखी. वरचा मजला, खिडकीपाशी रुंद टेबल, इंटरनेटही पळतंय. घरमालकांना सगळे मास्तर म्हणतात. आयुष्यभर कंपन्यांसाठी माणसं निवडली. आता भाडेकरूंचे बायोडेटा दुरुस्त करून त्यांना घरबसल्या करायच्या नोकऱ्या मिळवून देतात. शिकवणी भाड्यातच. निघताना आईने विचारलं होतं, घरात बसल्याचा कुणी पगार देतं का. मी म्हटलं, तू जन्मभर घरातच राबलीस, तुला कुणी दिला नाही म्हणून विचारतेस. हसली बिचारी.
शेजारच्या खोलीत कुणीतरी दिवसभर टाइप करत असतं. मी त्याचं नाव टकटक ठेवलंय. सोबत वाटते.

५ मार्च
मास्तरांनी माझा बायोडेटा पार सोलून काढला. दोन पानांचं एक पान केलं. ‘कष्टाळू, प्रामाणिक’वर लाल रेघ, म्हणाले, हे तर चोरही लिहितो. त्याऐवजी मी खरंच काय केलं ते लिहायला लावलं: फर्निचरच्या दुकानात चिडलेल्या गिऱ्हाइकांना उत्तरं लिहून शांत करायचे, परत येणारा माल कमी झाला. बाबांच्या आजारपणातलं रिकामं वर्ष मी लपवलं होतं. लपवलं की वास येतो, सरळ लिहा, म्हणाले. लिहिलं आणि हलकं वाटलं.
शेवटी चष्मा काढून त्यांनी विचारलं, एवढ्या नोकऱ्या का सोडल्यात? मी म्हटलं, कुठे साहेब वाईट, कुठे कंटाळा आला. ते हसले नाहीत. म्हणाले, तुमच्या पायाला भिंगरी आहे. बाकी सगळं उत्तम, दोष एवढाच. तो मी काढीन.

९ मार्च
नोकरी लागली! मोठी कंपनी, तक्रारींना लेखी उत्तरं द्यायची. मुलाखतीत मास्तर कॅमेऱ्याच्या बाहेर बसून मान हलवत होते. मॅनेजरबाईंनी विचारलं, किती दिवस राहाल? मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे म्हटलं, तुम्ही काढेपर्यंत. आईला फोन केला, धाकट्या बहिणीला केला. काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, केक केला. टकटक खाली आला नाही. त्याचा तुकडा काकू वर घेऊन गेल्या.

१६ मार्च
काम जमलंय. मास्तर आता मला अगं-तुगं करतात, बरं वाटतं.
आज काकू टकटकला जेवण देत असताना त्याचं दार उघडं दिसलं. पन्नाशीचा माणूस, चाकांच्या खुर्चीत, कमरेपासून खाली चादर. माझ्याकडे बघून त्याने हळूच नकारार्थी मान हलवली. काकूंनी दार लोटलं. अपघात झाला बिचाऱ्याला, म्हणाल्या. पण नोकरी एकच, कधी सोडली नाही. मास्तरांना त्याचा फार अभिमान.

२२ मार्च
जुन्या अर्जाला उत्तर आलं! आईच्या गावातली कंपनी, काम आवडीचं. हुरळून चहाच्या वेळी सांगून टाकलं की ही नोकरी सोडते, खोलीही. मास्तरांनी कप खाली ठेवला. पुन्हा? एवढंच विचारलं. मग म्हणाले, उद्या सकाळी बोलू. काकू टेबलावरचं कापड काढून घडी घालू लागल्या. चहा अजून प्यायचा होता.

बहुतेक २५
लिहिता येतंय. हात धड आहेत. हात मास्तरने जपले.
त्या सकाळी बॅग घेऊन खाली आले तर दोघं स्वयंपाकघरात. काकूंनी मागून मला खुर्चीत दाबलं. म्हातारीच्या अंगात एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं. त्याने माझे हात उशीत गुंडाळून बांधले, लागू नये म्हणून. मग उजवा पाय टेबलावर घेतला. हातोडा साधा, खिळे ठोकायचा. पहिल्या घावाला घोटा फुटला. आवाज मी आधी ऐकला, दुखलं नंतर. दुसऱ्या घावाला हाड कातडीबाहेर आलं. काकू माझ्या कपाळावरून हात फिरवत होत्या. झालं हं बाळ, झालं. आणि तो म्हणाला, डावा आज नको, सोसणार नाही.

—
काल डावा.

एप्रिल असावा
मॅनेजरबाईंशी बोलणं झालं. कॅमेरा चालू. तो समोर बसलेला, हातोडा मांडीवर. बाईंनी विचारलं, खूश आहात ना? मी हसले. त्या म्हणाल्या, तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत.
फोन त्याच्याकडे. आईला तोच उत्तरं लिहितो, माझ्याच बोलण्यासारखी. वाचून दाखवतो मला. आई त्याला लाडाने ‘सोन्या’ लिहिते.

—
टकटकने एका गिऱ्हाइकाच्या उत्तरात लिहिलं, आम्हाला सोडवा. गिऱ्हाइकाने ते कंपनीला कळवलं. कंपनीने, शिफारस त्याचीच म्हणून, मास्तरला विचारलं, हा माणूस ठीक आहे ना?
मग भिंतीपलीकडे — खुर्ची आपटली. तो ओरडला, शिव्या दिल्या, मास्तरला चावलासुद्धा, कारण मास्तरही ओरडला. मग ओले आवाज. बराच वेळ. एकाच तालात.
भिंतीच्या फटीतून इकडे रक्त आलं. काकूंनी दोन्ही खोल्या पुसल्या. माझ्या खोलीत पुसताना म्हणाल्या, पाय वर घे. मग त्यांनाच आठवलं.

—
टाइप करणं थांबलंय. ती खोली धुऊन मोकळी केली. गादी नवीन.
आज मास्तरच्या हाताला पट्टी. मला फोनवरचं दाखवलं. माझ्या नावाने धाकटीला लिहिलंय: इथली शेजारची खोली रिकामी झाली, मास्तरांना तुझा बायोडेटा दाखव, दोघी बहिणी एकत्र राहू.
ती म्हणाली, येते ताई.
मी त्याच्या पाया पडले. पडायला काही लागत नाही आता, जमिनीवरच असते.

—
खुर्चीचा लोखंडी दांडा निघाला. नखं गेली. निघाला पण.

—
खालून धाकटीचा आवाज. हसतेय. काकू तिला सांगताहेत, ताई मीटिंगमध्ये आहे, आधी चहा घे.
ओरडले. पुन्हा ओरडले. खाली रेडिओ मोठा झाला.
जिन्यावर पावलं — जड, त्याचीच — गप्प करायला येतोय. दाराच्या आड सरकलेय. उभं राहता येत नाही. गुडघा लागेल हाताला, त्याचा गुडघा, आधी तो फोडायचा, खाली आला की डोकं —
कडी —
मागून अजून कोणीतरी, हलकी पावलं, ताई म्हणतेय, नको वर येऊ, नको गं, पळ, प