पान चाळीस, पान एक्केचाळीस

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मुरुम,
गुरुवार, दि. २७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. शिवप्रिया हिला अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक. तू वेळेवर जेवतेस असं धरून चालते, कारण विचारलं तर तू खोटं सांगतेस.

तुझ्या मामंजींचा गुडघा बरा आहे. तेल मी लावते, नाव मात्र डॉक्टरांचं होतं. तू पुण्यातलं संशोधन सोडून सोमवारी कायमची घरी येणार म्हणून वीरभद्र केस कापून आला. एकदा बरे कापले नाहीत म्हणून परत गेला. आता नवरा ओळखू येतो का बघ. शेजारच्या गायत्रीनं तर शेंगाच्या पोळ्यांचा बेत ठरवून टाकलाय.

फोन सोडून कागद का, असं तुला वाटेल. तोंडानं सांगायला जमणार नाही म्हणून. वीरभद्र आज दुकानाचा माल आणायला पुण्याला येतोय, त्याच्या हाती देते.

दिवाळीत अंगणात तेरखेड्याचे फटाके मांडून तू मला शिकवलंस, ते मी विसरले नाही. पृथ्वीच्या चुंबकाच्या न दिसणाऱ्या दोऱ्या, आणि त्यांना धरून हिंडणारे प्रोटॉन. दोरीभोवती गरगरण्याची ऊब ती भुईचक्राची, आडवी. दोरीच्या अंगानं सुटण्याची ती बाणाची, उभी. आडवी ऊब उभीपेक्षा फार वाढली की तिथं लहरी उठतात, आणि त्या लहरीच जास्तीची ऊब इकडची तिकडं करून भांडण मिटवतात. मामंजी म्हणाले, "म्हंजे वरबी सासू-सुनंचंच चालतंय व्हय?" तू इतकी हसलीस की तुझ्या हातचा बाण आडवा पडून त्यांच्या धोतरापाशी गेला. त्या दिवशी गुडघा अजिबात दुखला नाही त्यांचा.

जाताना तू उपग्रहाच्या आकड्यांचे छापलेले कागद रद्दीत टाकायला सांगितलेस. एका बाजूनं कोरे कागद मी टाकीन का? पाठीमागं घरखर्च लिहिते. लिहिता लिहिता पुढची बाजूही वाचते. मी मॅट्रिक, तुझी सूत्रं मला कळत नाहीत. पण पान उलटलं की मागच्या पानाचा शेवट पुढच्या पानाच्या सुरुवातीशी लावून बघायची मला खोड आहे.

चाळिसाव्या पानाच्या तळाशी आडवी एकोणीस, उभी आठ. एक्केचाळिसाव्यावर, पुढच्याच मिनिटाला, आडवी आठ, उभी एकोणीस. तिथून शेवटपर्यंत तसंच. एका मिनिटात सगळी भुईचक्रं बाण झाली? मला वाटतं, तिथून पुढं आकड्यांची दुसरी यादी जोडताना दोन रकाने एकमेकांच्या जागी बसलेत. मामंजींना दाखवायला गेले तर म्हणाले, "तू आभाळ बघ, हिकडं दूध उतू चाललंय." खरंच गेलं होतं, अर्धा लिटर.

तेव्हा मी गप्प बसले. म्हटलं, चुकलेत म्हणूनच तर तिनं टाकलेत.

पण रविवारी तू फोनवर रडत होतीस. "आत्याबाई, उपग्रहानं तिथं लहरी टिपल्यात, आणि माझा हिशेब सांगतो, तिथं लहरी उठायलाच नकोत. वर्ष झालं. आता नको मला हे." त्याच क्षणी मला उमगलं की चूक अजून तशीच आहे. कागद माझ्या मांडीवर होता, शिवप्रिया. आणि मी म्हणाले, "पुष्कळ झालं बाळ, ये घरी."

मला तू घरात हवी होतीस, म्हणून. लग्नाला तीन वर्षं झाली, त्यातले तुझे इथले दिवस एकशे बारा. माझ्या वहीत आहेत. भाकरी थापताना बोलायला माणूस लागतं गं. तुझे मामंजी नुसते हूं म्हणतात, तेही चुकीच्या जागी.

चार दिवस झाले. सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसते, पण नजर ठरत नाही. काल विभूती लावता लावता हात थांबला. आज ठरवलं, लिहायचं.

दोन्ही पानं सोबत आहेत. पाठीमागं गूळ-साबणाची यादी आहे, ती कुणाला दाखवू नको. रकाने बदलून मांडून बघ. तुझी माफी मी समोर मागेन, कागदावर मागितली तर स्वस्तात सुटल्यासारखं होतं.

मी चुकले असेन, तर ठरल्याप्रमाणं सोमवारी ये. मी बरोबर असेन, तर येऊ नको. तिथंच राहा आणि पुरं कर. वीरभद्र रुसेल, त्याला मी बघते.

मी बरोबर असावं, एवढंच आज देवापाशी मागितलं. लई मनापासून मागितलं.

तू येऊ नयेस अशी आशा धरून बसलेली,

तुझी सासू
शरणम्मा