काशी येते आहे

माघ शुद्ध १२, शके १८१५. कर्जत

काशी येणार. दुपारी इकडून जेवायला येणे झाले ते दारातूनच सांगितले, आणि माझ्या हातची पळी आमटीत गेली. वन्स, इकडची थोरली बहीण, तिला घेऊन खालापूरहून येताहेत. माझी लेक. शेवटची पाहिली तेव्हा रांगत होती, आता पळते म्हणे. अक्षर आज नीट येत नाही. येऊ दे वाकडे.

इकडून हळूच म्हणणे झाले, "अक्का थोडे दिवस राहून बघेल. तू बरी दिसलीस तर काशीला ठेवून जाईल."

बरी दिसलीस तर.

पौर्णिमा

सकाळपासून झाडलोट. अंगण दोनदा सारवले. शेजारणीने विचारले, कोण पाहुणे? म्हटले, माझी मुलगी. ती घागर उचलून आत गेली.

तिचे काय चुकले. काशी झाली आणि माझ्यातले सगळे विझून गेले. पोर रडे, मला ऐकू येई, पण हात उचलत नसे. तेव्हा आम्ही खालापुरातच, सासरी. देवऋषी आला, अंगारे लावले, धुरी दिली. मग वन्सनी तिला उचलून आपल्या घरी नेले. त्यांना मूलबाळ नाही. पुढे मी बरी झाले, कधीचीच झाले. पण भेटायला जाईन म्हटले की सासूबाई म्हणत, "आता नको गं, पोर भेल." इथे कर्जतला बिऱ्हाड केले तरी ती गोष्ट मागोमाग आली; विहिरीवर बाया अजून मला वाट देतात, मानाने नव्हे.

आणि आज मला गाणे सुचते आहे. मोठ्याने म्हणत नाही.

वद्य २

पडवीत बसून लाल परकर शिवत होते. आगगाडीच्या ड्रायव्हर साहेबाची मड्डम रस्त्याने चालली होती, परकर बघून थांबली. तिचे मोडके हिंदुस्थानी, माझे त्याहून मोडके. सांगितले, लेक येणार, इतके दिवस दूर होती. का, म्हणाली. कोण जाणे कसे, खरे सांगून टाकले. ती खाली सारवलेल्या जमिनीवरच बसली.

"हमको भी हुआ. बेटा हुआ, बाद में खाली रोना, रोना. साहेब सबको बोला, बुखार है. हमारा लोग में भी ऐसा बात नहीं बोलता." तिचा मुलगा विलायतेत आजीकडे आहे. आजी पाठवत नाही.

मला वाटत होते, हे आमच्यातच. परकराची कड तिने शिवून दिली. टाके माझ्यापेक्षा बारीक.

वद्य ५

आली. आली. छकड्यातून उतरली ती वन्सच्या पदरात तोंड घालून. मला बघेना. वन्सना "आई" म्हणते. मी आत जाऊन पाण्याचा तांब्या भरला, पुन्हा भरला. रडले असते तर संपलेच होते.

वन्स, "यमुने, बरी हायस ना गं?"

"बरी हाय."

केस माझ्यासारखे आहेत तिचे. कपाळावर भोवरा.

वद्य ७

आज हसले. शेजारची शेळी दारात आली होती. घाटाकडे जाणाऱ्या इंजिनाने शिटी दिली, तशी काशीने धावत जाऊन शेळीचे कान दोन्ही हातांनी दाबून धरले, आणि शेळीला म्हणाली, "भिऊ नको हां." मला आवरेना. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. तीही हसायला लागली, मग मुद्दाम पुन्हा कान धरी.

वन्सनी सूप खाली ठेवले. "एवढं हसू नको गं. मागं पन अशीच..."

मागे कधी? आजवर मी हे ऐकून घेत आले. आज म्हटले, "नाय वन्स. तवा मला हसू येतच नव्हतं. तेच तर दुखणं व्हतं."

त्यांनी तांदळाचे सूप पुन्हा उचलले. मग माझ्याकडे न बघता, "मला तुझी भीती नाय यमुने. पोर गेली तर घरात मी काय करू?"

त्यांच्याजवळ सरकून बसले. दोघींनी मिळून तांदूळ निवडले.

वद्य ८

वन्स आज निघणार. काशीचे काय, हे रात्रीही बोलल्या नाहीत. इकडून विचारणे झाले तर, "सकाळी बघू."

सकाळ झाली. बाहेर बैल जुंपताहेत. काशी लाल परकर नेसून माझ्या ताटातली भाकरी खाते आहे, दुधात बुडवून, अर्धे दूध परकरावर. मी चुलीपाशी हे लिहिते आहे.

वन्स दारातून, "काशे, चल गं."

काशी भरल्या तोंडाने, "थांब. मी जेवते."

वन्स उंबऱ्यावर बसल्या आहेत.