किनाऱ्याआधीचं पान

सोमवार, ४ नोव्हेंबर

…त्या सकाळी मी पाणी भरलं, सुकट निवडून उन्हात टाकली, ओटा पुसला आणि चहा घेऊन खाटेपाशी गेले, तर तुळशीराम थंड झाला होता. खारबावच्या घरात नवऱ्यामागे वर्षभर रोज हीच सकाळ आठवायची. म्हणून आज निघून आले.

भिवंडीत बरं वाटलं. यूनुसभाई जुनी, दुर्मीळ पुस्तकं विकतात. दुकानामागची खोली त्यांनी मला दिली. खिडकीत ऊन येतं, भिंतीपलीकडे कापडाच्या लूमची खडखड. त्यांची मुलगी नूरी भाताचा डबा घेऊन आली. म्हणाली, अब्बा पुस्तकांना गोंजारतात नि आम्हाला ओरडतात, तुम्ही सांभाळून राहा ताई.

माझं काम वाचायचं. मयताच्या घरून आलेल्या पुस्तकात खूण अर्ध्यावर असेल, तर पुढचं सगळं मोठ्यानं वाचून संपवायचं, मगच विकायचं. नाहीतर जुना मालक पुस्तक सोडत नाही, असं यूनुसभाईंचे वडील मानत. यूनुसभाईंना आता दिसत नाही. मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरची अक्षरं लावून लावून वाचायला शिकले. त्याचे कुणी पैसे देईल असं वाटलं नव्हतं. खूश आहे.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

कल्याणचे एक मास्तर वारले, त्यांचं पुस्तक हातात आहे. गलबतावरच्या प्रवासाचं. काडेपेटीचं झाकण खूण म्हणून ठेवलेलं, तिथून सुरू केलं.

आज लूमना सुट्टी, सगळं गप्प. वाचताना शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून कुणीतरी "हं" म्हणालं.

तुळशीरामही माझं वाचन ऐकताना असाच हुंकार द्यायचा. पण त्याचा वाक्य संपल्यावर यायचा. हा वाक्य संपायच्या आधी आला.

घाबरले. तरी वाचत राहिले. वर्षभरात माझं कुणी ऐकलं नव्हतं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

रोज थोडंच वाचते. यूनुसभाई विचारतात, झालं का बाई? मी सांगते, बाकी आहे. नूरी म्हणाली, एवढ्यात कासव वाचून परत आलं असतं. मीही हसले.

खुर्ची जवळ सरकते. आधी मी मागे ढकलायची. आता ढकलत नाही. जेवतानाही खुर्चीतल्या त्याच्याशी बोलते. तो ऐकतो.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

गलबतावरून किनारा दिसला. एकच पान उरलं. वाचलं नाही.

पुस्तक मिटलं तशी खुर्ची करकरली. बराच वेळ.

यूनुसभाईंना सांगितलं, संपलं. ते म्हणाले, गिऱ्हाईक शनिवारी येईल. मग मी ते शेवटचं पान फाडून घेतलं. पान माझ्यापाशी राहिलं तर तोही राहील.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

नूरीला हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. समोर जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, ताई, नुसते ओठ काय हलवताय, घसा बसला काय?

मला माझा आवाज ऐकू येत होता. चांगला मोठा.

यूनुसभाईंनी पुस्तक हातात घेतलं, पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला, शेवटाला थांबले. ओरडले नाहीत. माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाले, बाई, तू अडवलंस त्याला. असं केलं की आवाज तो घेतो, मग त्याच्याशिवाय कुणाला ऐकू जात नाही. पुस्तक माझ्या हातात दिलं. म्हणाले, आत्ता वाच. तो जाईल, आवाज परत येईल.

खोलीत आले. पान हातात. खुर्ची माझ्या गुडघ्याला लागलेली. गार.

एक ओळ वाचली. हुंकार नाही. खुर्ची जरा मागे गेली — खोली एकदम मोठी वाटली —

वाचलं की नूरी ऐकेल. डबा देईल, दोन शब्द बोलेल, घरी जाईल. आणि मग संध्याकाळी इथे —

नको.

शनिवार, २३ नोव्हेंबर

सकाळी ते पान गॅसवर जाळलं. राख मोरीत सोडली. दाराला आतून कडी घातली. बाहेर यूनुसभाई हाका मारत होते, नूरी रडत होती. मी ओ दिली, त्यांना काही ऐकू गेलं नाही. मग खुर्चीला टेकून बसले आणि त्याला पुस्तक पहिल्या पानापासून मोठ्यानं —